‘आर्टिस्ट’ कोणास म्हणावे?

मराठीत रूढ झालेल्या इंग्रजी शब्दांत ‘आर्टिस्ट’ हा एक शब्द आहे. चित्र काढणारा आर्टिस्ट, नाटकात काम करणारा आर्टिस्ट आणि आकाशवाणीवर गाणाराही आर्टिस्टच. रंगभूमीच्या पडद्यामागे नटांची रंगभूषा करणाऱ्यासही लोक ‘मेकअप आर्टिस्ट’ म्हणून ओळखतात. शब्द एक आणि माणसे अनेक, असा हा प्रकार आहे. परंतु तांब्याची घागर घडविणाऱ्यास, लाकडात वेलबुट्टी कोरणाऱ्यास किंवा पैठणीवर मोर विणणाऱ्यास मात्र कोणी सहसा आर्टिस्ट म्हणत नाही. त्यास ‘कारागीर’ म्हणतात. एकास आर्टिस्ट म्हणावे आणि दुसऱ्यास कारागीर, हा भेद कोणी केला? तो प्रथमपासूनच होता की मागाहून आला? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे असेल तर त्या शब्दाचे कूळ पाहिले पाहिजे.

लॅटिन भाषेत ‘आर्स’ असा एक शब्द होता. त्याचा अर्थ कौशल्य. कोणतेही काम नीट, नियमानुसार आणि सफाईने करता येणे म्हणजे ‘आर्स’. नाव बांधणे हे जसे कौशल्य, तसेच भाषण करणे हेही कौशल्यच मानले जाई. याच शब्दापासून इंग्रजीतील ‘आर्ट’ हा शब्द आला. मध्ययुगात युरोपातील विद्यापीठांत सात विद्या शिकविल्या जात असत. व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि ज्योतिष या त्या सात विद्या होत. त्यांस ‘आर्ट्स’ असे म्हणत आणि त्यांचे अध्ययन करणाऱ्यास ‘आर्टिस्टा’ म्हणत. चित्रकलेचे नाव या सात विद्यांत नाही. त्या काळच्या विद्यापीठातील ‘आर्टिस्टा’ म्हणजे हाती कुंचला घेतलेला मनुष्य नव्हे, तर भूमितीचे सिद्धांत आणि व्याकरणाचे नियम पाठ करणारा विद्यार्थी होय.

त्या जुन्या अर्थाची खूण आजही पुण्यात पाहावयास मिळते. 1885 साली स्थापन झालेल्या फर्ग्युसन महाविद्यालयात, त्याचप्रमाणे शहरातील इतर अनेक महाविद्यालयांत ‘कला शाखा’ आहे. या शाखेत विद्यार्थी इतिहास, अर्थशास्त्र, मराठी, संस्कृत असे विषय घेतात. रंगपेटीला हातही न लावता ते ‘बॅचलर ऑफ आर्ट्स’ ही पदवी मिळवितात. पुष्कळांना या गोष्टीचे नवल वाटते. परंतु येथील ‘आर्ट्स’ हा शब्द चित्रकाराचा नसून त्या प्राचीन सात विद्यांचा वारस आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे कोडे उलगडते.

सोळाव्या शतकात ‘आर्टिस्ट’ हा शब्द इटालियन आणि फ्रेंच भाषांतून इंग्रजीत आला. आरंभी त्याचा अर्थ ऐसपैस होता. विद्वान, वैद्य, रसायने सिद्ध करणारा, यंत्रविद्या जाणणारा अशा अनेकांस तो लावला जात असे. त्याच सुमारास ‘आर्टिझन’ हा दुसरा शब्दही इंग्रजीत शिरला. त्याचा अर्थ हातकाम करणारा कसबी मनुष्य. दोन्ही शब्द एकाच कुळातले, जणू सख्खे भाऊच. परंतु पुढे या भावांची वाटणी झाली. अठराव्या शतकात चित्रकार आणि मूर्तिकार आपणांस इतर हातकामकऱ्यांहून वेगळे मानू लागले. 1768 साली लंडनमध्ये ‘रॉयल अकादमी’ ही संस्था स्थापन झाली. तीत चित्रकार, मूर्तिकार आणि वास्तुशिल्पी यांना मानाचे स्थान मिळाले; परंतु तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरून ती छापणाऱ्यांना मात्र पूर्ण सभासदत्व नाकारण्यात आले. ‘हे तर दुसऱ्याच्या चित्राची केवळ नक्कल करतात,’ अशी त्यामागील समजूत होती. अशा रीतीने ‘आर्टिस्ट’ शब्द वरच्या पायरीवर जाऊन बसला आणि ‘आर्टिझन’ खाली राहिला. पुढे ‘आर्टिस्ट’ म्हणजे प्रामुख्याने चित्रकार, असाच अर्थ इंग्रजीत दृढ झाला. तेव्हा गायक, नर्तक आणि नट यांच्यासाठी इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात तोच शब्द फ्रेंचमधून पुन्हा उसना घेतला आणि त्याचा उच्चार ‘आर्तीस्त’ असा शेवटी जोर देऊन केला. एकच शब्द एका भाषेने दोन वेळा उसना घ्यावा, ही भाषेच्या व्यवहारातील मोठी मौजेची गोष्ट आहे.

इंग्लंडात हे घडत असताना पुण्यात काय चालले होते? त्या वेळी पुणे ही पेशव्यांची राजधानी होती आणि सवाई माधवराव गादीवर होते. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट 1786 पासून पेशव्यांच्या दरबारी होता. त्याच्या आश्रयाने जेम्स वेल्स नावाचे स्कॉटलंडचे चित्रकार पुण्यास आले. सवाई माधवराव आणि त्यांच्या शेजारी बसलेले नाना फडणीस यांचे जे प्रसिद्ध तैलचित्र आहे, ते वेल्स यांनी 1792 साली काढले. मॅलेट यांच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळाही सुरू झाली. तेथे येथील तरुणांना पाश्चात्त्य पद्धतीने, म्हणजे छायाप्रकाश दाखवून आणि दूरची वस्तू लहान, जवळची मोठी काढून, रेखाटन करण्यास शिकविले जाई.

या नव्या पद्धतीने चित्रे काढणाऱ्यांत एक नाव ठळकपणे पुढे आले. ते नाव म्हणजे गंगाराम चिंतामण तांबट. ‘तांबट’ हे आडनाव तांब्याची भांडी घडविण्याच्या धंद्यावरून पडलेले आहे. गंगाराम तांबट यांची नजर मोठी बारीक होती. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहात एक गेंडा होता. 1790 साली त्यांनी त्याचे चित्र काढले. गेंड्याच्या अंगावरील कातडीच्या जाड घड्या, त्याचे लहान डोळे, त्याची जड पावले ही सारी त्यांनी प्रत्यक्ष पाहून कागदावर उतरविली. पुण्यातील पहिलवानांची व साधूंची चित्रेही त्यांनी काढली. वेरूळच्या लेण्यांचीही रेखाटने त्यांनी केली. त्यांची कित्येक चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहालयात जतन करून ठेवलेली आहेत.

1795 साली जेम्स वेल्स यांचा मृत्यू झाला. पुढे 1803 साली लंडनमध्ये वेरूळच्या लेण्यांची 24 दृश्ये असलेला एक भव्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. वेल्स यांच्या चित्रांवरून ती दृश्ये थॉमस डॅनियल यांच्या देखरेखीखाली कोरण्यात आली, असे त्या ग्रंथाच्या शीर्षकातच नमूद आहे. त्या शीर्षकात गंगाराम तांबट यांचे नाव नाही. वेरूळला जाऊन त्याच लेण्यांपुढे बसून ज्यांनी चित्रे काढली, त्या पुण्याच्या चित्रकाराचे नाव अनेक वर्षे फारच थोड्यांना ठाऊक होते. आज अभ्यासक त्यांचा उल्लेख आदराने करतात, आणि संग्रहालयाच्या नोंदीत ‘आर्टिस्ट’ या शब्दापुढे ‘गंगाराम तांबट’ हे नाव लिहिलेले असते. तो मान मिळण्यास दीड शतकाहून अधिक काळ जावा लागला.

आता आपल्या भाषेतील शब्द पाहावेत. संस्कृतात ‘कला’ या शब्दाचा एक अर्थ अंश किंवा भाग असा आहे. चंद्राच्या सोळा कला सर्वांस ठाऊक आहेत. कला म्हणजे कौशल्य, हा दुसरा अर्थ. प्राचीन ग्रंथांत 64 कला सांगितल्या आहेत. त्यांत गायन, वादन, नृत्य आणि चित्रकला आहेतच. पण त्यांच्या बरोबरीने सुतारकाम, शिवणकाम, स्वयंपाक, हार गुंफणे, धातूंची पारख आणि कोडी घालणे यांचाही समावेश आहे. गवई आणि सुतार यांना त्या यादीने एकाच पंक्तीस बसविले. थोडक्यात, लॅटिनमधील ‘आर्स’ आणि संस्कृतातील ‘कला’ हे दोन्ही शब्द मुळात कुशल माणसाचे शब्द आहेत. ‘कारागीर’ हा शब्द फारसीतून आला, ‘कसबी’ आणि ‘शाहीर’ हे अरबीतून. मराठीने हे सर्व शब्द आपलेसे केले आणि प्रत्येकास निराळे काम नेमून दिले.

एक शब्द मात्र मराठीत फार सोसून बसला. तो शब्द ‘कलावंत’. उत्तरेकडील दरबारांत ध्रुपद गाणाऱ्या थोर गवयांस ‘कलावंत’ ही पदवी असे. परंतु त्याच शब्दाचे स्त्रीलिंगी रूप ‘कलावंतीण’ हे महाराष्ट्रात आणि गोव्यात पुष्कळ काळ हेटाळणीच्या सुरात उच्चारले जात होते. देवळात अथवा दरबारात गाऊन-नाचून उपजीविका करणाऱ्या स्त्रियांचे गाणे लोक ऐकत. पण त्या स्त्रियांना घरच्या कार्यात मानाने बोलावीत नसत. पुरुषाच्या अंगी असलेली कला भूषण ठरावी आणि तीच कला स्त्रीच्या अंगी दिसताच दूषण ठरावी, हा मोठाच अन्याय होता.

हा अन्याय दूर झाला तो कोशातील अर्थ बदलून नव्हे, तर स्वतः गायिकांच्या कर्तृत्वाने. हिराबाई बडोदेकर यांचे पुष्कळसे आयुष्य पुण्यात गेले. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या आरंभीच्या गायिकांत त्यांची गणना होते. साध्या वेषात, शांत मुद्रेने त्या व्यासपीठावर बसत आणि सुरेल गात. त्यांना पाहून अनेक घरांतील वडीलधाऱ्यांनी आपल्या मुलींना गाणे शिकविण्याचे धैर्य केले. गोव्यातील केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकर यांची कीर्ती तर पृथ्वीच्याही पलीकडे गेली. 1977 साली अमेरिकेने ‘व्हॉयेजर’ नावाची दोन याने अंतराळात सोडली. पृथ्वीवरील निवडक आवाजांची जी ध्वनिमुद्रिका त्यांवर बसविली होती, तीत केसरबाईंनी गायिलेली भैरवी आहे. अशा स्त्रियांमुळे ‘कलावंत’ हा शब्द पुन्हा ताठ मानेने उभा राहिला. आज ‘ती थोर कलावंत आहे’ असे वाक्य कोणीही आदराने उच्चारतो.

शब्दांच्या या उलाढालीचे आणखी एक उदाहरण कोल्हापूर आणि पुणे यांना जोडणारे आहे. कोल्हापुरात बाबूराव मेस्त्री नावाचे एक तरुण होते. ‘मेस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आहे आणि त्याचे मूळ लॅटिनमधील ‘माजिस्तर’, म्हणजे गुरू अथवा वरिष्ठ, या शब्दात आहे. शाळेतील ‘मास्तर’ हा शब्दही त्याच मुळापासून इंग्रजीच्या वाटेने आला. थोर संगीतकारास युरोपात ‘मायेस्त्रो’ म्हणतात, तोही याच कुळातला. सुतारकामावरील मेस्त्री, वर्गातील मास्तर आणि संगीतसभेतील मायेस्त्रो हे तिघे एकाच आजोबांचे नातू आहेत, ही गोष्ट किती जणांच्या ध्यानात येत असेल?

या बाबूरावांनी नाटक मंडळ्यांसाठी असे सुंदर पडदे रंगविले की लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणू लागले आणि तेच त्यांचे नाव होऊन बसले. बाबूराव पेंटर यांनी चित्रपट काढण्यासाठी कॅमेराही आपल्या कारखान्यातच बनविला. त्यांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट 1920 साली पुण्यातील आर्यन सिनेमागृहात दाखविण्यात आला. कुंचला धरणारा हात आणि कानस चालविणारा हात हे दोन निराळ्या माणसांचे असावे लागतात, हा समज त्यांनी खोटा ठरविला. लोकांनी त्यांना ‘कलामहर्षी’ ही पदवी दिली. त्यांच्या हाताखाली शिकलेले व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांनी 1929 साली आपल्या सहकाऱ्यांसह ‘प्रभात’ ही संस्था काढली. 1933 साली ती कोल्हापुराहून पुण्यास आली. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’ (1936) या चित्रपटाचा 1937 साली इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. प्रभातच्या आवारात सुतार, रंगारी, शिंपी, गवंडी, गायक आणि नट हे सारे एकाच चित्रपटासाठी राबत. पडद्यावर दिसणारा देहूचा देखावा सुताराच्या रंध्याशिवाय आणि रंगाऱ्याच्या कुंचल्याशिवाय उभा राहिलाच नसता. त्याच आवारात पुढे 1960 साली चित्रपटविद्या शिकविणारी सरकारी संस्था सुरू झाली.

अलीकडे ‘क्रिएटिव्ह’ हा आणखी एक इंग्रजी शब्द कानी पडू लागला आहे. मुळात ते विशेषण आहे. त्याचा अर्थ सर्जनशील, म्हणजे नवनिर्मिती करणारा. परंतु जाहिरातीच्या धंद्यात मजकूर आणि चित्रे रचणाऱ्या माणसांनाच ‘क्रिएटिव्ह’ म्हणण्याची रीत पडली आणि विशेषणाचे नाम झाले. मराठीत हे नवे नाही. ‘शहाण्याला शब्दाचा मार’ या म्हणीत ‘शहाणा’ हे विशेषण नामाचेच काम करते. येथे एक गंमत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मराठीतील ‘सर्जन’ म्हणजे निर्मिती. आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरासही इंग्रजीत ‘सर्जन’ म्हणतात. उच्चार सारखे असले तरी या दोन शब्दांचे काहीही नाते नाही. इंग्रजी ‘सर्जन’ हा शब्द ग्रीक भाषेतील ‘हाताचे काम’ या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. केवळ उच्चारावरून शब्दांचे नाते जोडू नये, हा धडा यातून मिळतो. आणि ज्याच्या विद्येचा एवढा मान, तो शल्यवैद्यही नावाने हातकामकरीच आहे, हेही कळते.

मग ‘आर्टिस्ट’ या शब्दासाठी मराठीत कोणता शब्द योजावा? त्याचे उत्तर प्रसंगावर अवलंबून आहे. चित्र काढणाऱ्याविषयी लिहिताना ‘चित्रकार’, गाणाऱ्याविषयी ‘गायक’ किंवा ‘गायिका’, नाटकात काम करणाऱ्याविषयी ‘नट’, ‘अभिनेता’ किंवा ‘अभिनेत्री’ असे नेमके शब्द वापरणे उत्तम. सर्वांचा एकत्र उल्लेख करावयाचा असेल तर ‘कलाकार’ हा शब्द सोयीचा आहे. ज्याने आपल्या कलेत मोठी उंची गाठली त्यास ‘कलावंत’ म्हणतात. ज्याची बुद्धी नवीन कल्पना निर्माण करते तो ‘प्रतिभावंत’. मग तो कवी असो वा शास्त्रज्ञ. आणि ज्याच्या हाताला कसब आहे तो ‘कारागीर’. यांतील कोणताही शब्द हलका नाही. शब्द हलका होतो तो उच्चारणाऱ्याच्या मनात.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याचे बंब, घागरी आणि हंडे घडविण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. भांडे आकारास आले की तांबट त्यावर हातोडीने एकसारखे ठोके देतो. या क्रियेस मठारणे असे म्हणतात. प्रत्येक ठोक्याबरोबर धातू घट्ट होतो आणि पृष्ठभागावर चकाकणाऱ्या ठिपक्यांची ओळ उमटते. एक ठोका जोराचा पडला तर ओळ बिघडते; एक हलका पडला तर तेवढी जागा कच्ची राहते. भांडे टिकाऊ करणारा ठोका आणि ते सुंदर करणारा ठोका हे निराळे नसतात. असे काम करणाऱ्यास इंग्रजीत ‘आर्टिस्ट’ म्हणावे की ‘आर्टिझन’, याचा निकाल कोशात पाहून लागणार नाही. तो लावण्यासाठी त्याच्या हाताकडे थोडा वेळ टक लावून पाहावे लागते.

शब्दार्थ

कूळ – मूळ, वंश.
ऐसपैस – विस्तृत, मोकळा.
हेटाळणी – तुच्छतेने केलेली चेष्टा.
दूषण – दोष, कलंक.
कानस – धातू घासून गुळगुळीत करण्याचे हत्यार.
रंधा – लाकूड तासून सपाट करण्याचे सुताराचे हत्यार.
मठारणे – धातूच्या भांड्यावर हातोडीने एकसारखे ठोके देणे.

स्वाध्याय

1. पुढील प्रश्नांची प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मध्ययुगीन युरोपात ‘आर्टिस्टा’ कोणास म्हणत असत?
(आ) इंग्रजीने ‘आर्टिस्ट’ हा शब्द दोन वेळा उसना का घेतला?
(इ) वेरूळवरील 1803 सालच्या ग्रंथाच्या शीर्षकात कोणाची नावे आहेत? कोणाचे नाव नाही?
(ई) बाबूराव मेस्त्री यांना लोक ‘पेंटर’ का म्हणू लागले?

2. ‘कलावंत’ या शब्दाला गेलेला मान परत कसा मिळाला, ते आठ-दहा ओळींत सांगा.

3. कारणे द्या.
(अ) महाविद्यालयाच्या कला शाखेत चित्रकला न शिकताही पदवी मिळते.
(आ) मराठीतील ‘सर्जन’ आणि इंग्रजीतील ‘सर्जन’ यांचे नाते नाही.

4. कलाकार, कारागीर, प्रतिभावंत, कसबी या शब्दांचा अर्थभेद स्पष्ट होईल अशी वाक्ये तयार करा.

5. पुढील विशेषणांचा नामाप्रमाणे उपयोग करून वाक्ये लिहा: थोर, गरीब, आळशी, नवा.

6. आपल्या गावातील एखाद्या कुंभाराचे, विणकराचे, सुताराचे किंवा तांबटाचे काम प्रत्यक्ष पाहा. त्याच्या हत्यारांची नावे आणि त्याच्या धंद्यातील खास शब्द वहीत उतरवून घ्या.